कर्वेनगरमधील ज्येष्ठांचे डे केअर : सहा महिन्यांचा अनुभव

सासूबाईंना डिमेंशिया असल्याचे निदान होऊन चार वर्षे झाली. मुलगा चौथीत आहे, मुलगी बालवाडीत, आणि यजमान नोकरीसाठी रोज चाकणला जातात. जूनमध्ये एका सकाळी मुलाच्या दप्तरात खाऊच्या डब्याऐवजी सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्यांचा डबा गेला. शाळेतील बाईंच्या वेळीच लक्षात आले म्हणून अनर्थ टळला. परंतु आपल्या हातून आता काहीही होऊ शकते, या भीतीने मी त्याच आठवड्यात हे केंद्र पाहायला गेले.

केंद्र एका बंगल्याच्या तळमजल्यावर असून सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते पाच चालते. रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या दिवसभराच्या मावशींना द्यावे लागणारे पैसे पाहता येथील शुल्क निम्म्याहून कमी आहे. दुपारी चारनंतर सासूबाईंची घालमेल सुरू होते आणि स्वतःच्याच घरात बसून त्या "मला घरी जायचंय" म्हणू लागतात. येथील ताई त्या वेळी त्यांच्यापुढे मटारची टोपली ठेवतात. चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेले ते हात शेंगा सोलू लागले की चेहरा निवळत जातो, हे मी दारातून कितीदा तरी पाहिले आहे. मी घरी हे का केले नाही, असे मनात येते. पण त्याच वेळी मुलीला भरवायचे असते आणि मुलाचा गृहपाठ अडलेला असतो.

मला सर्वांत मोलाची वाटली ती प्रवेशाच्या वेळची चौकशी. समुपदेशक बाईंनी रुग्णाची माहिती घेतल्यावर माझ्याकडून झारिट यांची, काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजणारी २२ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तीत प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. काळजी घेणे आणि कुटुंबाच्या वा नोकरीच्या इतर जबाबदाऱ्या यांत तुमची ओढाताण होते का, अशा आशयाच्या प्रश्नापाशी माझे पेन थांबले, कारण हे मला तोवर कोणी विचारलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे सततच्या ताणाने पार थकून जाणे, ही संज्ञा केवळ नोकरी-व्यवसायापुरती ठेवलेली आहे. सुट्टी आणि पगार नसलेल्या घरच्या सेवेतला हा थकवा त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून तो कमी खरा ठरतो, असे मला वाटत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. मुलांच्या शाळांना सुट्ट्या असतात त्याच दिवसांत, म्हणजे दिवाळीत, केंद्रही आठवडाभर बंद होते, आणि नेमके तेव्हाच घरात तिघांचेही सगळे करावे लागते. ने-आण करणारी गाडी वारज्यापर्यंत येत नाही. संध्याकाळी कर्वे रस्त्याच्या गर्दीतून मुलीला पुढे आणि सासूबाईंना शेजारी घेऊन रिक्षाने परतणे ही एक परीक्षाच असते. जे स्वतः उठून बसू शकत नाहीत, अशांना येथे प्रवेश नाही. शनिवारी अर्धा दिवस केंद्र उघडे ठेवावे, असे आम्ही काही पालक-सुनांनी लेखी कळवले असून उत्तराची वाट पाहत आहोत.

प्रवेश घ्यायचा असल्यास आधी एक दिवस चाचणी म्हणून ठेवता येते. कपड्यांचे दोन जोड आणि औषधांची चिठ्ठी बरोबर द्यावी, आणि समुपदेशक बाईंकडे अर्धा तास स्वतःसाठीही मागून घ्यावा. त्याचे वेगळे शुल्क नाही.