लांबलचक केमिकल नावं तोडून वाचायला शिकवणारा क्लास, आमचा अनुभव

मुलगी बारावी सायन्सला आहे. आधी एका मोठ्या क्लासला जायची, तिथे ऑरगॅनिकची नावं भराभर बोलून पुढे जायचे, ही वहीत उतरवून घ्यायची पण मोठ्याने वाच म्हटलं की अर्ध्यातच अडखळायची, आणि जे नाव तोंडात बसत नाही ते पेपरात आठवणार तरी कसं? मग शेजारच्या काकूंनी या मॅडमचं सांगितलं. घरीच शिकवतात, बॅचला आठच मुलं.

पहिल्या दिवशी मीपण मागे बसले. फळ्यावर डीडीटीचं पूर्ण नाव, डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. ते टाळ्या वाजवत म्हणायचं, डाय-क्लो-रो-डाय-फि-नाइल-ट्राय-क्लो-रो-इ-थेन, अकरा टाळ्या. शाळेत आपण श्लोकाचे लघु-गुरू पाडायचो ना, अगदी तसं. शेवटी मुलं 'क्लोरोथेन' म्हणून मोकळी होतात, 'रो'नंतरचा 'इ' गिळतात, तिथे मॅडम परत पहिल्यापासून म्हणायला लावतात.

मग त्याच नावावर खडूने उभ्या रेघा मारल्या, आता तुकडे सातच. डाय, क्लोरो, डाय, फिनाइल, ट्राय, क्लोरो, इथेन. टाळ्या जिभेसाठी, रेघा अर्थासाठी, ही गोष्ट मला फार आवडली. डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन, झाले क्लोरीन ५. फिनाइल दोन, एकेकात कार्बन ६, वर इथेनचे २, म्हणजे १४. मुलीने लगेच पुस्तकात फॉर्म्युला काढून बघितला, कार्बन १४, क्लोरीन ५, बरोब्बर! घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी बाबांना बोटांवर मोजून दाखवलं. एकाने विचारलं फिनाइल म्हणजे लादी पुसायचं का, तर मॅडम न चिडता म्हणाल्या नाही रे, बेंझिनमधला एक हायड्रोजन काढला की उरतो तो तुकडा.

तक्रार एकच. मॅडम फिनाइल, मिथाइल म्हणतात आणि व्हिडिओत फेनिल, मेथिल ऐकू येतं, मुलं गोंधळतात. दोन्ही चालतं हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. छापील नोट्स मिळत नाहीत, वही न्यावी लागते.

परवा मला ताप होता तर गोळीची स्ट्रिप हातात घेऊन मुलगी म्हणाली, आई, पॅरा-ॲसिटाइल-अमिनो-फिनॉल, यातलेच तुकडे उचलून आपण पॅरासिटामॉल म्हणतो आणि अमेरिकेत ॲसिटामिनोफेन. मी पुढच्या टर्मची फी भरून टाकली.