पैठणच्या बोट मिस्त्रीकडं इंजिन दाखवलं, एक नंबर काम
नाथसागरावर आमच्या बोटीला जुनं टू स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बसवायचं इंजिन) हाय, त्याला ऑइल वेगळ्या टाकीतून पंपानं जातंय. टाकीत ऑइल भरलेलं असून ऑइलचा अलार्म सारखा वाजायलता. एकजण तर अलार्मची वायरच तोडा म्हणला, ऐकलो असतो तर पिस्टन जाम झाला असता राव. ह्या मिस्त्रीनं आधी पेट्रोलमधीच लिटरला 20 मिली ऑइल मिसळून घेतलं, म्हणजे तपासताना इंजिन कोरडं पडू नाही, मग ऑइलची नळी उजेडात धरून दाखवली, आत बारीक बुडबुडे सरकायलते. क्लिप ढिली, तिथून हवा ओढायलतं. नळी बदलली, पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करून बुडबुडे संपूस्तर ऑइल वाहू दिलं, टाकीवर मार्करनं रेघ मारली. दोन चकरा मारल्या, ऑइल रेघेच्या खाली उतरलं, म्हणजे पंप ऑइल ओढायला लागला, तवा जिवात जीव आला. पार्ट यायला वेळ लागतो तेवढं धरून चला.