३१५ बोअरची रायफल: रानडुकरासाठी पुरेशी, पण शंभर यार्डांच्या आत

आमचं भाताचं आणि भुईमुगाचं शेत हरसूलच्या बाजूला, मी राहतो नाशकात गंगापूर रोडला. पीक संरक्षणाचा बंदूक परवाना वडिलांनंतर माझ्या नावावर आला आणि त्यावर बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) रायफल आहे. ओळखीतले शेतकरी नेहमी विचारतात, छर्ऱ्यांची बारा बोअर घेऊ, ३१५ घेऊ की थोडे पैसे घालून ३०-०६ ची रायफल घेऊ? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार आपल्याकडे संपली, आणि ते चांगलंच झालं. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

३०३ आणि ७.६२ या फौजेच्या बोअर, म्हणून सामान्य माणसाला प्रतिबंधित. ३१५ चं काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या सैन्याचं, ८ बाय ५० मॅनलिकर. इंग्रजांना हिंदुस्थानात लोकांच्या हाती ३०३ नको होती, म्हणून शिकारी रायफली या बोअरमध्ये आल्या आणि इथेच रुळल्या. रायफलीची घडण मात्र ली-एनफिल्डची: बोल्ट ओढायचा, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं.

३१५ ची गोळी २४४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम), वेग सेकंदाला जेमतेम दोन हजार फूट. ३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २७०० फुटांनी जाते. कागदावर ३०-०६ वरचढ दिसते आणि लांबच्या माऱ्याला ती आहेच. पण डुकराच्या बाबतीत मला जड, सावकाश गोळीच पटते. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढालच असते, तिच्यातून हलकी गोळी आत पोचेलच असं नाही. ३१५ ची मऊ टोकाची गोळी पुढच्या पायामागे, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बसली की काम बहुधा तिथेच होतं. जनावर सहसा तडफडत कारवीत शिरत नाही, आणि जखमी नराला अंधारात शोधत फिरायची वेळ क्वचितच येते. माझ्या लेखी बोअर निवडायची खरी कसोटी हीच.

म्हणूनच २२ बोअरने डुकराला मारू पाहणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चाळीस ग्रेनची ती गोळी सशाच्या मापाची. जनावर मरतं, पण दोन-तीन दिवसांनी, कुठेतरी ओढ्यात सडून. बारा बोअरला एलजीचे, म्हणजे मोठ्या मापाचे छर्रे तीस-चाळीस पावलांपर्यंत ठीक, पुढे ते पांगतात आणि नुसत्या जखमा करतात. एका दुकानदाराने शेजारच्या काकांना ‘साठ-सत्तर यार्डांवरूनही पाडते’ म्हणून बारा बोअर विकली. हा सल्ला जनावराला हाल हाल करून मारणारा आहे.

३१५ ची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगतो. शंभर यार्डांवर नेम लावून ठेवला तर दोनशेवर गोळी एक वीत तरी खाली येते. आमच्याकडे बांध, झाडोरा, चढउतार; रात्री माळ्यावरून साठ-सत्तर यार्डांपलीकडे दिसतंच काय? तिथे ही उणीव आड येत नाही. मोकळ्या माळरानाची गोष्ट वेगळी. तरी कुठल्याही बोअरची गोळी डुकरातून पार होऊन पुढे कितीतरी जाऊ शकते, हे विसरू नका. मागे मातीचा चढ नसेल किंवा पलीकडे वाडीचे दिवे असतील तर खटक्याला बोट लावायचं नाही. माळ्यावरून गोळी खालच्या दिशेने जाते, म्हणून मी जमिनीवरून मारतच नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून ३७५ ची स्वप्नं पाहणारी तरुण मुलंही भेटतात. ३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ ची, ३०० ग्रेनची गोळी. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हत्ती-म्हशीसाठी कमीत कमी हीच बोअर लागते. तिचा धक्का ३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट. खांद्याला धक्क्याची धास्ती बसली की माणूस खटका दाबायच्या आधीच डोळे मिटतो, मग बोअर कितीही मोठी असो, गोळी पोटातच जाते. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांच्या गावात तरी नेमबाजीत मनाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ३१५ चा धक्का सोसण्याजोगा आहे, माझी बायकोही ती बिनधास्त चालवते.

तेव्हा त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने ३१५ डोळे झाकून घ्यावी. घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे काडतुसं शिल्लक आहेत का ते विचारा आणि जमलं तर सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली मागा. नेम त्याच काडतुसांवर लावा, लॉट बदलला की पुन्हा तपासा.