दहा फुटी, सात नंबरचा फ्लाय रॉड सेट: रॉड ठेवणार, लाइन बदलणार

परवा फ्लाय फिशिंग करताना, म्हणजे जड लाइनच्या वजनाने फ्लाय (किड्याची नक्कल असलेला गळ) फेकून मासे धरताना, लाइनच्या टोकाचा वेल्डेड लूप (कारखान्यातच जोडून आलेली कडी) तुटला आणि ट्राउट लीडरसकट, म्हणजे लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्यासकट गेला. हुक बार्बलेस, म्हणजे उलट्या काट्याविना होता, त्यामुळे त्याच्या तोंडातून तो लवकर सुटेल अशी आशा आहे. पण इतका मोठा लीडर मागे ओढत मासा फिरतोय, हे डोक्यातून जात नाही. एक अख्खा हंगाम वापरलेल्या सेटबद्दल म्हणूनच लिहितोय.

आधी रॉड. सुरुवातीला मला तो फार मऊ वाटला होता. जलाशयावर समोरून वारा आला की फेकताना हवेतला लाइनचा वळसा रुंद पडायचा आणि फ्लाय अलीकडेच उतरायची. मत बदललं ते होडीतून मासेमारी सुरू केल्यावर. रेनबो ट्राउट होडीजवळ येऊन अचानक उसळी मारतो, तेव्हा हाच मऊ शेंडा झटका पोटात घेतो आणि टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं बारीक टोक वाचतं. नवशिक्यांनाही हा रॉड मानवतो. मागे गेलेल्या लाइनचं वजन हाताला सावकाश कळतं, त्यामुळे पुढची फेक कधी सुरू करायची ते शिकवावं लागत नाही. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत सरळ कास्ट टाकला. मुरलेल्या माणसाला डबल हॉलने (मागे-पुढे फेकताना दुसऱ्या हाताने लाइनला झटका देऊन) हवं तेवढं अंतर मिळतं. चार तुकड्यांपैकी दुसरा सांधा फिरून सैल होतो. त्यावर थोडं मेण घासलं की भागतं. रील ठीक आहे.

आता लाइन. डब्ल्यूएफ-७ (वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढे जड, सात नंबर वजनाची), फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी. तिचं पुढचं हातभर टोक बुडतं.

एवढंसं टोक बुडलं तर काय बिघडलं, असं वाटेल. पण तलावात फ्लाय वाहून न्यायला प्रवाह नसतो. बझर, म्हणजे पृष्ठभागाकडे हळूहळू चढणाऱ्या मिज किड्याच्या कोषाची नक्कल, वाऱ्यावर सोडून द्यायची किंवा बोटांनी अगदी सावकाश ओढायची. ट्राउट ती तोंडात घेतो आणि नकली वाटली की थुंकतो. हाताला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. लाइनचं टोक थबकतं, सरकतं, किंचित ताठ होतं, तेवढीच काय ती खूण. ते टोकच पाण्याखाली असेल तर मासा येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

आधी मला फ्लुरोकार्बन लीडरचा संशय आला, कारण तो जड असतो आणि टोक खाली ओढतो. नायलॉनचा लावला, थोडा फरक पडला. मग कोमट साबणपाण्याने लाइन धुतली. शेवाळाचा थर निघाला आणि अर्धा दिवस ती छान तरंगली, तेव्हा कंपनीला उगाच दोष दिला असं वाटलं होतं. दुपारी टोक पुन्हा खाली. भिंगाखाली पाहिलं तर लूपच्या मागेच बारीक भेगा. लूपचा जोड कडक, पुढची लाइन लवचीक, त्यामुळे प्रत्येक फेकीला ती नेमकी तिथेच मुडपते. तरंगण्याचं काम पीव्हीसीच्या आवरणातले काचेचे सूक्ष्म पोकळ मणी करतात. आत विणलेला नायलॉनचा गाभा असतो. भेगांतून त्या गाभ्यात पाणी शिरलं की साबणाचा उपयोग संपला.

कंपनीने विचारलं, डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लागलं होतं का? डासांच्या मलमातल्या डीटने पीव्हीसी खराब होतं हे खरंच आहे. पण मग हात लागतो तो मागचा भाग आधी तडकला असता, आणि तो गुळगुळीत आहे. मागच्या टोकाच्या लूपलाही काही झालेलं नाही. पाणी २० अंशांपुढे गेलं की ट्राउटला त्रास होतो म्हणून ऐन उन्हाळ्यात मी गळ टाकतच नाही. त्या काळात लाइन घरात, सावलीतच होती. तरी उत्तर आलं, ‘वापरातली झीज, वॉरंटी फक्त रॉडला’, सोबत नव्या लाइनवर सवलतीचं कूपन. पुन्हा त्याच लाइनवर पैसे घालवायची माझी तयारी नाही.

लूप गेल्यावर भेगाळलेला तुकडा कापून टाकला आणि जाड नायलॉन नेल नॉट या गाठीने बांधलं. फेकीत फरक जाणवत नाही आणि टोक दिवसभर वर राहतं. ही लाइन संपेपर्यंत वापरेन. पुढची दुसऱ्या कंपनीची, सेटमधून न घेता वेगळी घेईन, आणि तिला लूप असला तर पाण्यात घालण्याआधीच कापेन.