आलेख कागद, स्प्रेडशीट की डेस्मॉस: प्रयोगाचे आलेख कशावर शिकवावेत?

माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आलेख कागद, स्प्रेडशीट आणि डेस्मॉस (इंटरनेटवरचं आलेख काढायचं साधन) ही तिन्ही साधनं मी वर्गात वापरली आहेत, आजही वापरतो, आणि त्यातलं एकही टाकाऊ आहे असं म्हणणार नाही. पण सुरुवात कशाने करावी याबद्दल माझं मत पक्कं आहे. ते पक्कं झालं एकाच त्रासामुळे, म्हणून आधी तोच सांगतो.

गरम पाणी निवतानाचं तापमान मोजणं हा आलेखासाठी हमखास घेतला जाणारा प्रयोग. सुरुवातीला तापमान भराभर उतरतं म्हणून दर मिनिटाला रीडिंग घ्यायचं, पुढे वेग मंदावला की मधलं अंतर वाढवायचं. समजा खोलीचं तापमान 30 अंश सेल्सिअस आहे आणि 0, 1, 2, 3, 5, 10 व 20 व्या मिनिटाला पाण्याचं तापमान 80, 75, 71, 67, 60, 48 आणि 37 अंश आलं. हे दोन स्तंभ स्प्रेडशीटमध्ये भरून ‘लाइन’ चार्ट निवडा. मुलं हमखास तोच निवडतात. रेषेचा आलेख काढायला सांगितलेला असतो आणि चार्टचं नावही लाइनच असतं.

पण लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या संख्यांकडे सहसा नुसती लेबलं म्हणून बघतो आणि ती सारख्या अंतरावर मांडतो. 2 ते 3 मधल्या एका मिनिटाला जेवढी जागा, तेवढीच 10 ते 20 मधल्या दहा मिनिटांना. त्यामुळे एकेका टप्प्यात तापमान 5, 4, 4, 7, 12 आणि 11 अंशांनी उतरताना दिसतं. म्हणजे पाणी जितकं निवत जातं तितकं ते अधिक वेगाने निवतं, असं आलेख सांगतो! न्यूटनचा शीतलनाचा नियम सांगतो त्याच्या बरोबर उलट: पाणी खोलीच्या तापमानाजवळ येईल तसा निवण्याचा वेग कमी होत जातो. प्रत्यक्षात निवण्याचा वेग मिनिटाला 5 अंशांवरून जेमतेम 1 अंशापर्यंत आलेला असतो.

आलेख मात्र इतका नीटनेटका छापून येतो की त्यावर कुणी शंका घेत नाही. उलट निष्कर्षात मुलं तेच लिहून टाकतात. ‘लाइन नको, स्कॅटर निवडा’ (स्कॅटर चार्ट आडव्या अक्षावरच्या संख्या त्यांच्या खऱ्या अंतरावर मांडतो) असं सांगितलं की त्या दिवशी सगळे स्कॅटर निवडतात, आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा लाइन. कारण मेनूतलं नाव लक्षात ठेवण्यापुरतंच ते शिकणं असतं. अक्षावरच्या अंतराला अर्थ असतो, हे ज्याने एकदाही स्वतःच्या हाताने अक्ष आखलेला नाही त्याला कुठून कळणार?

कागदावर ही चूक होत नाही असं नाही. तक्त्यातल्या संख्या ओळीने एकेका सेंटिमीटरवर लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पण तिथे नुसतं ‘3 नंतर 5 लिहिलास, मग 4 कुठे आहे?’ एवढं विचारलं तरी पेन्सिल थांबते. चूक त्याच्याच हातची असते, ती खोडून तोच अक्ष पुन्हा आखतो, आणि माझ्या अनुभवात अशी चूक सहसा परत होत नाही. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

कागदाचा खरा जाच प्रमाण ठरवण्यात आहे आणि तो मान्य करायला हवा. मुलं एका सेंटिमीटरला 3 घेतात, मग एका बारीक घराची किंमत 0.3 होते आणि 67 नेमका कुठे मांडायचा यावर पाच मिनिटं जातात. 1, 2, 5 किंवा त्यांच्या दहापटी घ्या, आणि बिंदूंनी निम्म्याहून जास्त कागद व्यापला पाहिजे, एवढे दोन नियम मी देतो. तरी पहिल्या काही तासिका प्रमाणातच जातात. ज्यांना अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आहे त्यांना हे परवडणार नाही, हे मी समजू शकतो. पण याच तासिकांमध्ये मुलं पहिल्यांदा तक्त्याकडे एकसंध बघतात: सर्वांत लहान रीडिंग कोणतं, सर्वांत मोठं कोणतं, शून्यापासून सुरुवात हवी की नको. स्प्रेडशीट हे सगळं न विचारता ठरवून टाकते.

आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आलेख कागद उपकरणाशेजारी ठेवून, रीडिंग घेतल्याबरोबर बिंदू मांडत गेलं तर चुकलेलं रीडिंग तिथल्या तिथे डोळ्यांत भरतं. मांडणी टेबलावर तशीच असते, पुन्हा मोजता येतं. तक्ता घरी नेऊन दुसऱ्या दिवशी संगणकावर भरला तर तो वेडावाकडा बिंदू दिसतो खरा, पण तोवर सगळं आवरून कपाटात गेलेलं असतं.

आता ट्रेंडलाइनबद्दल, म्हणजे स्प्रेडशीट बिंदूंवर आपोआप बसवते त्या रेषेबद्दल. एका क्लिकमध्ये रेषा, समीकरण आणि वर R² सुद्धा (रेषा बिंदूंशी किती जुळते ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे पूर्ण जुळणी), हे स्प्रेडशीटचं मोठं आकर्षण. साध्या लंबकाचं उदाहरण घ्या. लांबी 20 सेंटिमीटरपासून 1 मीटरपर्यंत 20-20 सेंटिमीटरने वाढवत नेली तर आवर्तकाल (T, एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) साधारण 0.90, 1.27, 1.55, 1.79 आणि 2.01 सेकंद येतात. यावर सरळ रेषा टाकली तर R² सुमारे 0.99 येतो. मुलांच्या दृष्टीने विषय संपला: आलेख सरळ रेषा आहे. पण ती रेषा मागे वाढवली तर लांबी शून्य असताना आवर्तकाल सुमारे 0.68 सेकंद निघतो. दोराच नाही आणि लंबक झुलतोय! कागदावर आरंभबिंदूपासून अक्ष आखलेले असले की पट्टी ठेवतानाच मुलं अडखळतात, कारण रेषा शून्याकडे जात नाही आणि मधले बिंदू तिच्या वर राहतात. तिथून आवर्तकालाचा वर्ग घेऊन बघण्याकडे वळवणं सोपं जातं. मग मात्र खरी सरळ रेषा मिळते, तिचा चढ 4 च्या जवळ येतो आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढता येतो.

याच संदर्भात 1973 साली फ्रान्सिस अँस्कम यांनी दिलेले चार आकडेसंच वर्गात जरूर वापरा. प्रत्येकात 11 बिंदू, चौघांची सरासरी जवळपास सारखी, जुळणारी रेषाही एकच: y = 3 + 0.5x. चार गटांना एकेक संच देऊन कागदावर मांडायला सांगा. एकाचा वक्र निघतो, एकात एकच बिंदू पूर्ण रेषा ओढून नेतो. नुसत्या समीकरणावर विसंबू नये, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

डेस्मॉसबद्दल थोडक्यात. त्यात आडवा अक्ष खरा संख्यारेषेसारखा वागतो, म्हणजे वरचा त्रास मुळातच नाही, आणि स्लायडरने y = mx + c मधले m (चढ) व c (रेषा उभ्या अक्षाला छेदते ती किंमत) बदलत रेषा बिंदूंवर बसवणं मुलांना फार आवडतं. चढ बदलला की काय होतं हे दाखवायला मला याहून चांगलं साधन माहीत नाही. मात्र अक्षांना नाव आणि एकक दिल्याशिवायही काम भागतं, त्यामुळे मुलं ती देत नाहीत. मी ते फळ्यावर दाखवण्यापुरतं ठेवतो. ज्यांच्या वर्गात प्रत्येकाला उपकरण मिळतं त्यांचं मत वेगळं असू शकेल.

स्प्रेडशीट कुठे वरचढ ठरते? सेन्सरने शेकडो रीडिंग घेतली असतील, सगळ्या गटांची निरीक्षणं एकत्र बघायची असतील, किंवा T ऐवजी T² घेऊन तोच आलेख पुन्हा काढायचा असेल, तर कागदाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांना तर ती यायलाच हवी. फक्त तिच्याकडे वळण्याआधी किमान एका सत्राचे प्रयोग कागदावर व्हावेत, असं मला वाटतं. वळताना एक आलेख दोन्हीकडे काढून घ्या, आणि तो निवणाऱ्या पाण्याचाच असू द्या. हाताने काढलेला वक्र शेजारी ठेवून मुलांनाच स्प्रेडशीटमधला कोणता चार्ट त्याच्याशी जुळतो ते शोधू द्या. स्कॅटर त्यांनी स्वतः शोधला की पुढच्या प्रयोगाला आठवण करून द्यावी लागत नाही.