गिरनार: पायऱ्या की रोपवे?

जुनागढजवळच्या गिरनार पर्वतावर दत्तपादुकांच्या दर्शनाला जायचंय आणि 'आता रोपवे झालाय, गिरनार सोपा झाला' असं ऐकून आई-बाबांचं बुकिंग करणार असाल, तर जरा थांबा. २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला रोपवे तळेटीहून (पायथ्याहून) फक्त अंबाजीच्या मंदिरापर्यंत जातो. दत्तपादुका त्याच्या बऱ्याच पुढे. एकूण दहा हजारांच्या आसपास पायऱ्या, त्यातल्या साधारण निम्म्या वाचतात; उरलेल्या निम्म्या मात्र लबाड आहेत. अंबाजीहून खाली उतरा, मग गोरक्षनाथाचं शिखर चढा (गुजरातमधलं सर्वांत उंच टोक), पुन्हा भरपूर उतरा आणि शेवटी पादुका आहेत त्या गुरुशिखराचा उभा चढ. म्हणजे परतीच्या वाटेवरही चढ आहेच!

पायऱ्यांनी जाणारे बहुतेक जण मध्यरात्रीच्या सुमारास काठी घेऊन निघतात. ऊन लागत नाही, 'जय गिरनारी' म्हणत पाय चालत राहतात आणि उजाडेपर्यंत पादुकांच्या जवळ पोचता येतं. तोटा एकच: वाटेतली जैन तीर्थंकर नेमिनाथांची बाराव्या शतकातली देरासरं (जैन मंदिरं) अंधारात बंद असतात. रोपवेवाल्यांना ती पाळण्यातून वरूनच दिसतात. आत जायचं तर अंबाजीहून हजारेक पायऱ्या खाली यावं लागतं. ही देरासरं चुकवू नयेत असं माझं मत. शिखरावरच्या ज्या पावलांना आपण दत्तपादुका म्हणतो, त्याच जैनांना नेमिनाथांच्या वाटतात.

गुडघे ठीक असतील तर रात्री चढून जा आणि अंबाजीहून रोपवेने उतरा. गुडघ्यांची खरी वाट उतरताना लागते. गुडघे कुरकुरत असतील तर दोन्हीकडून रोपवे घ्या, तरी पुढचा अर्धा दिवस हाताशी ठेवा. अगदीच जमत नसेल तर डोली आहे, किंवा अंबाजीचं दर्शन घेऊन परतणं, त्यात कमीपणा नाही. कमंडलू कुंडाच्या धुनीलाही जायचं असेल, तर गुरुशिखराच्या अलीकडे वेगळ्या पायऱ्या उतराव्या लागतात. त्या हिशेबात धरा.

जुनागढहून तळेटीकडे येताना रस्त्याला लागूनच अशोकाचा शिलालेख आहे. त्याच खडकावर इ.स. १५० च्या सुमारास रुद्रदामनाने वादळात फुटलेलं सुदर्शन तलावाचं धरण पुन्हा बांधल्याचं कोरून ठेवलंय. दोन्ही प्रकारचे यात्रेकरू त्याच्यासमोरून रिक्षाने निघून जातात.

वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात. त्यामुळे उतरायचं तिकीट खिशात असलं, तरी अंबाजीहून पायी उतरण्याइतकं बळ राखूनच पुढे जा.