व्हॉर्टेक्स की मॅट्रिक्स? गव्यांच्या वहीवरून झालेला निर्णय

मागच्या महिन्यात बेळगावजवळच्या खानापूरहून मित्राच्या पुतणीचा फोन आला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिला एका प्राण्याची संख्या पुढची पन्नास वर्षं तग धरेल का, ते काढायचं आहे. "काका, व्हॉर्टेक्स घेऊ की आर शिकू?" एवढंच विचारलं तिनं. (व्हॉर्टेक्स हे तयार सॉफ्टवेअर, आर ही आकडेमोडीची संगणक-भाषा.) मी काहीतरी गुळमुळीत बोललो, कारण खरं उत्तर फोनवर मावण्यातलं नव्हतं. मी दोन्हींवर हात भाजून घेतले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रामास हा तिसरा पर्याय आहे आणि चांगलाही आहे म्हणतात, पण तो विकत घ्यावा लागतो. आमच्यासारख्या रविवारी रानात जाणाऱ्यांचा तिथंच विषय संपला. उरले दोन. एक, शिकागोच्या रॉबर्ट लेसी यांचं व्हॉर्टेक्स. ते फुकट मिळतं, विंडोजवर चालतं आणि एकेका प्राण्याचं आयुष्य फासे टाकून पुढं नेतं. दुसरा, लेस्ली यांनी १९४५ मध्ये वयोगटांवर मांडलेला आणि लेफ्कोविच यांनी १९६५ मध्ये अवस्थांवर नेलेला मॅट्रिक्सचा हिशेब, म्हणजे एका गटातली किती जनावरं जगून पुढच्या गटात जातात आणि किती पिल्लं देतात याचा आकड्यांचा तक्ता. तो आरमध्ये पॉपबायो नावाच्या पॅकेजनं होतो आणि खरं सांगायचं तर एक्सेलमध्येही होतो. यांची मूळ ओळख असेलच, नसेल तर कुठंही मिळेल. मी सांगतोय ते वापरताना काय होतं ते.

सुरुवात मी व्हॉर्टेक्सनं केली. आधी तेच आवडलं होतं, हे कबूल करतो. खिडक्या ओळीनं उघडतात, विचारेल ते भरायचं, बटण दाबायचं, आणि पडद्यावर रंगीबेरंगी रेघा पन्नास वर्षं धावत जातात. हजार वेळा खेळून त्यातल्या किती वेळा कळप शून्यावर आला ते मोजायचं, तीच नामशेष होण्याची शक्यता. एखाद्या बैठकीत दाखवायला याहून सोपं काही नाही.

आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी बाजूच्या गव्यांच्या तीन वर्षांच्या वह्या होत्या. आम्ही दोघं-तिघं, त्यात नंदगडचे एक मास्तर. ते कन्नडमध्ये नोंद ठेवतात, मी मराठीत. त्यांच्या वहीत 'करु' म्हणजे वासरू, 'हेण्णु' म्हणजे मादी, आणि या दोन्हींत न बसणारी तपकिरी, वाढीला लागलेली जनावरं म्हणजे नुसतं 'मधलं' (हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला). लांबून, धुक्यात, ओढ्यापलीकडं उभ्या गव्यात एवढंच ओळखू येतं. पायातले पांढरे मोजे दिसले तरी नशीब समजायचं.

ही वही घेऊन व्हॉर्टेक्ससमोर बसलो आणि मृत्यूच्या खिडकीत अडकलो. ती विचारते: वय शून्य ते एक, किती टक्के मरतात? एक ते दोन, किती? दोन ते तीन, किती? असं पहिल्या विणीपर्यंत. आमचं 'मधलं' नक्की कुठल्या ओळीत बसवायचं? बरं, प्रत्येक ओळीशेजारी आणखी एक चौकट: चांगल्या-वाईट वर्षांमुळं हा आकडा किती हलतो. चार पावसाळेही न पाहिलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे लग्न ठरलेल्या मुलाला नातवंडांची नावं विचारण्यासारखं. आणि चौकट कोरी ठेवता येत नाही. 'माहीत नाही' असं लिहायची सोयच नाही. काही ठिकाणी तर आकडा आधीच भरलेला असतो. आप्तांमध्येच वीण झाल्यामुळं पिलांवर होणारा घातक परिणाम किती धरायचा, तिथं ६.२९ तयार बसलेला असतो. तो बऱ्याच प्रजातींच्या अभ्यासातून काढलेला आहे, चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो माझ्या गव्यांचा नाही, आणि मी तो बदललाही नाही. कोण बदलतो?

शेवटी 'मधलं' मी अंदाजानं दोन वर्षांत वाटलं, हलण्याच्या चौकटीत सगळीकडं दहा लिहिलं आणि बटण दाबलं. दोनदा लाईट गेली, तिसऱ्यांदा उत्तर आलं. दोन दशांश स्थळांपर्यंत. ते मी छापून एका गावबैठकीत नेलं. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पन्नास वर्षांचं सांगायलासा, बरं झालं. पण दोन वर्षांचं कुठलं आणि तीन वर्षांचं कुठलं, ते कसं वळखलासा?"

मी काय सांगणार! घरी येऊन दहाच्या जागी पंधरा लिहिलं आणि पुन्हा चालवलं. धोक्याचा आकडा जवळजवळ तिप्पट झाला. रानात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते माझं एक बोट.

न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, आकडे हलवून बघायची सोय व्हॉर्टेक्समध्येही आहे आणि नीट काम करणारे ती वापरतात. मीही पुढं वापरली. पण वीस-पंचवीस चौकटी हलवून झाल्यावर कुठल्या चौकटीनं काय केलं ते माझ्या डोक्यात राहीना. कदाचित माझीच कुवत कमी असेल.

मॅट्रिक्सनं मला पकडलं ते तिच्या गरिबीमुळं. करु, मधलं, मोठी मादी. तीन ओळी, तीन स्तंभ, नऊ खाने, त्यातले चारपाचच भरायचे, बाकी शून्य. वहीतले शब्द जसेच्या तसे बसतात, वयाचा प्रश्न येतच नाही. अंदाज तिथंही करावे लागतात. वासरांचं प्रमाण म्हणजे वासरं जगण्याचं प्रमाण नव्हे, ही चूक मीही आधी केली. पण अंदाज चारपाचच असतात, ते एका कागदावर दिसतात आणि म्हाताऱ्यानं विचारलं तर बोट ठेवून सांगता येतात.

आणि मुख्य म्हणजे कुठल्या अंदाजाला किती वजन आहे, ते मॅट्रिक्स आपण होऊन सांगते. एक उदाहरण हातानं करून बघा. गिधाडं घ्या. आकडे माझ्या मनाचे, गोल केलेले. शंभरातली ९५ मोठी गिधाडं वर्षभर जगतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, निम्म्या घरट्यांतून पिल्लू उडतं, त्यातली निम्मी पिल्लं पाचव्या वर्षी घरटं करायला शिल्लक राहतात. एक्सेलमध्ये वर्षामागून वर्ष खाली ओढलं की संख्या दरसाल पाच टक्क्यांनी वाढताना दिसते. आता यशस्वी घरटी दहा टक्क्यांनी कमी करा, म्हणजे पन्नासऐवजी पंचेचाळीस. वाढ साडेचार टक्क्यांवर येते. थोडं वाईट वाटतं, इतकंच. घरटी पूर्ववत करा आणि मोठ्यांचं जगणं तेवढंच, दहा टक्क्यांनी कमी करा, ९५ वरून साडेपंच्याऐंशी. वाढ संपली, आता दरसाल सव्वा टक्क्याच्या आसपास घट. तोच दहा टक्के, पण एका ठिकाणी ओरखडा आणि दुसऱ्या ठिकाणी मान कापलेली.

हा नुसता कागदावरचा खेळ नाही. २००४ मध्ये ऱ्हीस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच साधा हिशेब मांडून दाखवलं, की गिधाडं ज्या वेगानं संपत होती त्यासाठी शंभर मेलेल्या गुरांमागं एकाही पूर्ण गुरात डायक्लोफिनॅक (गुरांना दिलं जाणारं, पण गिधाडांना विषारी ठरणारं वेदनाशामक) असण्याची गरज नव्हती. साधारण १३० ते ७६० मढ्यांमागं एक विषारी असलं तरी तेवढा ऱ्हास होण्यासारखा होता. मोठं गिधाड मरणं किती महाग पडतं ते यातून कळतं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. समुद्री कासवांचंही तेच. १९८७ मध्ये अमेरिकेत क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी लॉगरहेड कासवांची मॅट्रिक्स मांडली, तेव्हा दिसलं की किनाऱ्यावर अंडी कितीही राखली तरी जाळ्यात मोठी होत आलेली कासवं बुडत राहिली तर उपयोग नाही. कोळंबीच्या जाळ्यांना कासवांसाठी सुटकेचं दार बसवण्याच्या आग्रहाला त्यातून बळ मिळालं. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी राखणाऱ्या मंडळींबद्दल मला आदरच आहे, पण हा हिशेब त्यांनीही एकदा करून बघावा असं वाटतं.

आता व्हॉर्टेक्स कुठं सरस आहे तेही सांगायला हवं, नाहीतर मी पक्षपाती ठरेन (थोडा आहेच). कळप वीस-तीसावर आला की सरासरीला अर्थ राहत नाही. सगळी पिल्लं योगायोगानं नर निघाली तर? सगळे एकमेकांचे भाऊबंद असतील तर? फ्लोरिडातले पँथर (म्हणजे तिथले प्यूमा) असेच वीस-तीस उरले होते, रक्त इतकं आटलेलं की शेपटीला वाकडेपणा आणि हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, त्यानंतर संख्या शंभरावर गेली. असं नवं रक्त कधी आणि किती घालायचं, हा प्रश्न मॅट्रिक्सला विचारू नये, तिला तो कळतच नाही. माळढोकाचंही तसंच. दत्ता, रहमानी आणि झाला यांच्या २०११ च्या अभ्यासात लहान लहान थव्यांचं भवितव्य तपासलं होतं आणि माणसाच्या हातून जाणारा एखादा जादा पक्षीसुद्धा पारडं फिरवतो असं निघालं. इतक्या थोड्या जिवांसाठी एकेक जीव मोजणारं हत्यारच लागतं.

दुसरी जागा म्हणजे लाल यादीचा, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीचा, 'ई' निकष. शंभर वर्षांत नामशेष होण्याची शक्यता दहा टक्के असेल तर 'असुरक्षित', वीस वर्षांत किंवा पाच पिढ्यांत वीस टक्के असेल तर 'संकटग्रस्त', दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत पन्नास टक्के असेल तर 'अतिसंकटग्रस्त'. तुमच्या मार्गदर्शकांना नेमकी ही टक्केवारी हवी असेल तर व्हॉर्टेक्स ती सरळ हातात देतं. आरमध्येही मिळते, वर्षावर्षाच्या मॅट्रिक्स चिठ्ठ्यांसारख्या उचलून आणि संख्या एका ठरावीक रेघेखाली कितीदा जाते ते मोजून. पण आमच्याकडं वर्षं किती? तीन. तीन पत्त्यांची गड्डी पिसून रमी खेळणार कशी? तेव्हा मी टक्केवारी सांगणंच सोडून दिलं आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

आरचा त्रासही सांगून ठेवतो. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसाल. एक स्वल्पविराम राहिला की लाल अक्षरांत शिव्या. मास्तरांच्या फाईलमधली कन्नड शीर्षकं जुन्या आरमध्ये उघडली तेव्हा ती ना कन्नड राहिली ना मराठी, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सीमाभागात दोन भाषांवरून आधीच काय कमी भांडणं आहेत, त्यात संगणकानं तिसरी काढली. नवी आवृत्ती घातली आणि प्रश्न सुटला. तुमच्या लॅपटॉपवर काय होईल ते बघून घ्या.

काही वेळा दोन्ही नको असतात. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ घ्या. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं जगात ते फक्त याच गुहेत माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, त्यामागं या पाहुण्याचंही नाव होतं. त्या पुतणीला आधी याच वटवाघळावर काम करायचं होतं. व्हॉर्टेक्समध्ये 'आपत्ती' म्हणून एक चौकट आहे, किती वर्षांनी येते आणि किती मारते ते भरायचं. एकाच गुहेतल्या वसाहतीला हे अगदी चपखल वाटतं. पण काय भरणार? मी तिला म्हटलं, गुहेत मशाली आणि गोंगाट घेऊन माणसं जाऊ नयेत, हे सांगायला मॉडेल कशाला हवं? तिथं बाहेर बसून संध्याकाळी निघणारी वटवाघळं मोजत राहणं जास्त मोलाचं. तिला ते पटलं नाही, असं तिच्या 'हो काका'वरून कळलं.

तर माझा कौल असा. पाळलेल्या किंवा मोजून वीस-तीस उरलेल्या प्राण्यांवर काम असेल, वंशावळ माहीत असेल, किंवा कुणाला टक्केवारीच द्यायची असेल, तर बिनधास्त व्हॉर्टेक्स घ्या. बाकीच्यांनी, म्हणजे माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांनी, निदान पहिल्या वर्षी मॅट्रिक्स मांडावी. एक्सेलमध्ये का असेना. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि लेसींचं सॉफ्टवेअर जगभर गंभीर कामाला वापरलं जातं हे मी विसरलेलो नाही.

आमच्या तीन ओळींच्या मॅट्रिक्सनं सगळ्यात जड खाना दाखवला तो 'मोठी मादी वर्षभर जगते' हा. आणि आमच्या वहीत नेमकी त्याचीच नोंद नव्हती, आम्ही नुसती डोकी मोजत होतो. या दिवाळीपासून मास्तरांनी वहीत एक नवा स्तंभ आखला आहे. डावं शिंग तुटलेली, कान फाटलेली, पाठीवर वण असलेली. ओळखू येणारी हरेक 'हेण्णु' फोटोसकट, तारखेसकट. आतापर्यंत अकरा झाल्या. पुढच्या दिवाळीला त्यातल्या किती पुन्हा दिसतात ते बघायचं आहे.